न बनलेल्या सिनेमाची पहिली दोन मिनिटं

भाच्याचा फोन आला की दोनच शक्यता असतात. एकतर लॅपटॉप हँग झालेला असतो, नाहीतर महिनाअखेर जवळ आलेली असते. यावेळी तिसरीच निघाली.

"मामा, तुम्हाला भुताचे पिच्चर आवडतात ना? मग यंदा दिवाळीला जरा जास्त सुट्टी टाका. हॉरर करायलोय. तुमचा मोबाईल पायजे."

(मामा पायजे नव्हता, हे लक्षात घ्या. मोबाईल पायजे होता.)

आता आवडतात म्हणजे काय विचारता! हॉस्टेलवर भाड्याचा व्हीसीडी प्लेअर आणून एका रात्रीत 'ईव्हिल डेड'चे तिन्ही भाग संपवणाऱ्या पिढीतला माणूस मी. त्यामुळे सुट्टी टाकली. मॅनेजरला 'घरी काम आहे' एवढंच सांगितलं. 'भुताचं शूटिंग आहे' असं लिहायला त्या फॉर्ममध्ये रकाना नाही.

तर प्रकरण असं होतं. भाचा मास कॉमच्या दुसऱ्या वर्षाला आहे. त्यांना प्रोजेक्ट होता: एका न बनलेल्या चित्रपटाची फक्त सुरुवात बनवायची. टायटल्स धरून जास्तीत जास्त दोन मिनिटं. पुढचा सिनेमा नाहीच. सोबत दोन पानांचं टिपण, की या प्रकारच्या सिनेमाचे ठरलेले संकेत कोणते, तुम्ही कोणते पाळले, कोणते मोडले आणि का. इंग्लंडमधल्या शाळांत मीडिया स्टडीज घेणाऱ्या सोळा-सतरा वर्षांच्या पोरांना वर्षानुवर्षं हाच प्रोजेक्ट असायचा. त्यामुळे यूट्यूबवर अशा दोन-दोन मिनिटांच्या सुरुवाती खोऱ्यानं पडल्यात, आणि त्यातल्या बऱ्याचशा भयपटांच्या. कारण उघड आहे. हॉररला स्टार लागत नाही, नाचगाणं लागत नाही, आणि अंधार फुकट मिळतो.

भाच्यानं त्यातल्या शंभरेक तरी पाहिल्या असाव्यात. त्याची पहिली स्क्रिप्ट वाचली आणि मी कपाळावर हात मारला. हुडी घातलेली मुलगी जंगलातून पळते. मागे वळून बघते. पडते (पडतेच!). मग एक ओसाड घर. कुरकुरणारा दरवाजा. पोटमाळ्यावर जुनी बाहुली. आरशात कोणीतरी. कट टू ब्लॅक. लाल अक्षरांत नाव.

"केजमध्ये जंगल कुठंय रे?"

"मांजरसुंब्याच्या घाटाकडं हायेत की झाडं."

"आणि पोटमाळा?"

"आपल्या जुन्या घराच्या माळवदावर करू."

माळवदावर त्यावेळी सोयाबीन वाळत घातलेलं होतं आणि ते कोणी तुडवलं तर भुताच्या आधी आमच्या आईनंच जीव घेतला असता. राहता राहिली बाहुली. ती मात्र होती, ताईच्या लग्नातली, शोकेसमधली, प्लॅस्टिकच्या पिशवीसकट.

मी त्याला हसलो खरा, पण त्याचं फार चुकत होतं असंही नाही. आमच्या धंद्यात कोणी सगळं स्वतः लिहीत बसत नाही. लायब्ररी घेतो, जोडतो, पुढे जातो. सिनेमातले ठरलेले संकेत म्हणजे असंच दुसऱ्यांनी लिहून, वापरून, तासून ठेवलेलं सामान. कुरकुरणारा दरवाजा हजारदा वाजला तरी हजार एकाव्या वेळी मान वळतेच. फक्त एक बघावं लागतं, की ती लायब्ररी कुठल्या प्लॅटफॉर्मसाठी लिहिलीय. इंग्लंडातला पोटमाळा भीतीदायक, कारण तिथे कोणी जात नाही. आमच्या माळवदावर दिवसातून चार वेळा कोणी ना कोणी चढतं.

हे प्लॅटफॉर्म बदलायचं काम मराठीत एकदा फार झकास झालंय. १९८८ ला हॉलिवूडमध्ये 'चाइल्ड्स प्ले' आला, खुन्याचा आत्मा दुकानातल्या बाहुल्यात शिरतो तो. १९९३ मध्ये महेश कोठाऱ्यांनी 'झपाटलेला' केला. पण आपल्याकडे तेव्हा बोलणारा बाहुला दुकानात कुठे मिळत होता? तो असायचा शब्दभ्रमकाराच्या मांडीवर. म्हणून लक्ष्याला बोलक्या बाहुल्यांचा नाद दिला, रामदास पाध्यांनी बाहुला केला, आणि तात्या विंचू असा काही इथला झाला की आजही शाळकरी पोरं त्याचा मंत्र म्हणून एकमेकांना घाबरवतात. पोर्टिंग असावं तर असं.

मात्र मराठवाड्याच्या वाट्याला भूत कधी आलंच नाही. मराठी भूत म्हटलं की कोकण. 'रात्रीस खेळ चाले' (२०१६) कोकणात, 'तुंबाड' (२०१८) कोकणात, आणि त्यात तर पाऊस थांबतच नाही. भुतांनाही बागायतीच लागते बहुतेक, कोरडवाहूत कोणी यायला तयार नाही. २०१६ च्या उन्हाळ्यात आमच्या तालुक्यातल्या धनेगावचं मांजरा धरण कोरडं पडलं आणि लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी न्यावं लागलं. अशा मुलखात विहिरीतून हडळ निघायची तरी कशी, तिला पाणी कोण देणार?

असो. मुद्दा असा की पहिली स्क्रिप्ट बाद झाली.

मग दोन रात्री आम्ही नुसत्या सुरुवाती पाहिल्या. भाच्याला वाटत होतं की सुरुवातीचं काम म्हणजे घाबरवणं. मला वाटतं तिचं काम करार करणं आहे: या सिनेमात कोणाला भ्यायचं, कुठल्या बाजूनं भ्यायचं, आणि तुझा विश्वास आम्ही किती मोडणार. कार्पेंटरचा 'हॅलोवीन' (१९७८) घ्या. पहिली चार-पाच मिनिटं आपण कोणाच्या तरी डोळ्यांतून बघतोय. घराबाहेरून डोकावतो, आत शिरतो, सुरी उचलतो, जिना चढतो, मुखवटा घालतो, खून करतो. मग कोणीतरी तो मुखवटा काढतं आणि कळतं की आपण इतका वेळ सहा वर्षांच्या पोराच्या डोळ्यांत होतो. करार झाला: या सिनेमात कॅमेऱ्यावर विश्वास ठेवू नका. किंवा 'स्क्रीम' (१९९६). पोस्टरवरचा सगळ्यात ओळखीचा चेहरा ड्रू बॅरिमोरचा. घरात एकटी, लँडलाईन वाजतो, पलीकडचा माणूस गोड बोलतो, आणि पहिल्याच प्रसंगात ती मरते. करार: इथं कोणीही मरू शकतं.

भाच्याचं आवडतं उदाहरण मात्र 'पॅरानॉर्मल ॲक्टिव्हिटी'. ओरेन पेलीनं २००६ मध्ये स्वतःच्याच घरात, आठवड्याभरात, १५ हजार डॉलर्सच्या आसपास खर्चून केला. आणि हा पेली मूळचा कोण? व्हिडिओ गेम्सचा प्रोग्रॅमर! हे कळल्यापासून भाचा माझ्याकडे जरा आदरानं बघायला लागला. (आदर दोन दिवस टिकला.)

तिसऱ्या रात्री मी त्याला 'लपाछपी' दाखवला. विशाल फुरियाचा, २०१७ चा. याचाच पुढे २०२१ ला हिंदीत 'छोरी' झाला. ज्यांनी पाहिला नाही त्यांनी हा परिच्छेद गाळावा. पूजा सावंत गरोदर आहे, नवऱ्याबरोबर उसाच्या फडात मधोमध असलेल्या एका घरात येऊन राहते. ऊस संपत नाही. पळालं तरी फिरून तिथंच. आपल्याकडे याला चकवा म्हणतात, आमच्या आजीला तो दोनदा लागला होता असं ती शपथेवर सांगायची. म्हणजे 'शहरातलं जोडपं, आडरानातलं घर, संशयास्पद म्हातारी' हे सगळं परदेशी सामान, पण त्याखाली गाडलेलं काय, तर नको म्हणून मारलेल्या मुली. भूत त्यांच्या बाजूचं. खरी भीती जिवंत माणसांची.

सिनेमा संपला तेव्हा ताई, म्हणजे भाच्याची आई, दारात उभी होती. ती जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका आहे. म्हणाली, "आठशे सात." मला कळेना. "दोन हजार अकराच्या जनगणनेत आपल्या जिल्ह्यात हजार मुलांमागं आठशे सात मुली होत्या. सहा वर्षांखालच्या. राज्यात सगळ्यात कमी. माझ्या वर्गात दिसायचं ते." आणि आत झोपायला गेली.

भाचा त्या रात्री झोपला नाही. सकाळी दुसरी स्क्रिप्ट तयार! यावेळी ऊस होता. आणि त्यात एक बाई होती, पांढऱ्या साडीत, केस मोकळे, फडात काहीतरी शोधत फिरणारी. शेवटी कळतं की ती आपलं काढून टाकलेलं गर्भाशय शोधतेय.

शहरातल्या वाचकांसाठी थोडं सांगायला हवं. बीड जिल्ह्यातून दर वर्षी लाखांच्या घरात माणसं ऊसतोडीला जातात. केज, धारूर, वडवणी, माजलगाव, सगळीकडून. दसरा-दिवाळी झाली की मुकादमाच्या गाड्या लागतात, पश्चिम महाराष्ट्राकडे, कर्नाटकाकडे. नवरा-बायको मिळून एक 'कोयता'. हंगामाआधी उचल घेतलेली असते, ती फेडेपर्यंत तोडायचं. एक दिवस चुकला की खाडा. पाळी आली, पोटात दुखतंय, म्हणून थांबता येत नाही. त्यातून पुढे काय झालं ते २०१९ मध्ये सगळ्या देशानं वाचलं. सरकारी समितीसाठी जिल्ह्यातल्या ८२ हजारांहून जास्त ऊसतोड बायकांची पाहणी झाली, त्यातल्या १३ हजारांहून जास्त जणींची गर्भाशयं काढलेली निघाली. बऱ्याच जणींचं तर वय चाळिशीच्याही आत.

म्हणजे भाच्याची कल्पना हवेतून आली नव्हती. सिनेमा म्हणून ती जबरदस्त आहे हे मला आजही वाटतं. सरांना तर ती नक्कीच आवडली असती. अन्याय झालेली बाई परत येते हा तर आपल्याकडचा सगळ्यात जुना संकेत. पण ताईनं स्क्रिप्ट वाचली आणि शांतपणे विचारलं, "ही बाई बघून लोकांनी काय करायचं?"

"घाबरायचं."

"हिला?"

तो गप्प.

"अरे, ह्या बाया मला पालक सभेला भेटतात. पिशवी काढलेली बाई, वाकून चालते, तरी कोयता घेऊन जाते. तिला तू केस सोडून फडात उभी करणार आणि पुण्या-औरंगाबादची पोरं तिला बघून किंचाळणार. तिचंच भूत कामून?"

(ताई अजून औरंगाबादच म्हणते. सवय.)

मला वाटतं प्रोजेक्टचा खरा अभ्यास त्या स्वयंपाकघरात झाला. संकेत म्हणजे नुसता कुरकुरणारा दरवाजा नव्हे. कोण भिणार आणि कोणाला भिणार, हेसुद्धा त्या सामानाबरोबर आयतं येतं, आणि ते कोणी तपासत नाही. भयपटांतल्या कितीतरी भुतांकडे बघा, ज्याच्यावर अन्याय झाला तोच अक्राळविक्राळ, आणि ज्यांनी केला त्यांच्या नातवंडांच्या बाजूनं आपण खुर्चीत आक्रसून बसलेले. 'लपाछपी'नं ही वाटणी बदलली म्हणून तो वेगळा. भाच्याला पांढरी साडी बदलायची नव्हती, बाजू बदलायची होती.

आणखी एक सूचना आली होती, त्याच्या वर्गमित्राची. तुम्ही कल्पना करू शकता. डिसेंबर २०२४ मध्ये आमच्या तालुक्यातल्या मस्साजोगच्या सरपंचांचं अपहरण करून खून झाला, आणि तेव्हापासून मी ऑफिसात गाव सांगितलं की समोरचा माणूस क्षणभर गप्प होतो. मित्र म्हणाला, केजची हॉरर म्हटल्यावर याहून मोठं काय? भाच्यानं त्याला एका वाक्यात उडवलं, "त्यांच्या घरच्यांनी बघितलं तर?" या बाबतीत मला काहीच बोलावं लागलं नाही. बरं वाटलं.

मग उरलं काय? जंगल नाही, पोटमाळा नाही, बाई नाही, खून नाही. नोव्हेंबर उजाडलेला, आणि वस्त्या रिकाम्या व्हायला लागलेल्या.

ते रिकामपण ज्यानं पाहिलं नाही त्याला सांगणं अवघड आहे. आईच्या ओळखीच्या एक मावशी एका वस्तीवर राहतात, पंधरा-वीस घरं. आम्ही गेलो तेव्हा बहुतेक दारांना कुलपं. दोऱ्या रिकाम्या. चुली थंड. एका दारासमोर रांगोळीचा अर्धा ठिपका शिल्लक. मागे राहिलेली फक्त म्हातारी माणसं, आणि काही पोरं. बाकीची पोरं आईबापांबरोबर फडावर किंवा हंगामी वसतिगृहात. मावशींकडे त्यांची नात, तिसरीत शिकणारी. मुलगा-सून आठ दिवसांपूर्वी गेलेले. 'ओसाड गाव' हा भयपटाचा आवडता संकेत, पण तिथं ते ओसाड का झालं याचं गूढ असतं. इथं गूढ काहीच नव्हतं. एप्रिलात सगळे परत येणार हेही माहीत होतं. सगळे म्हणजे, बहुतेक सगळे.

मावशी चहा करता करता सहज म्हणाल्या, "दिसा फोन आला तर काई नाई. रातीला वाजला की पोटात गोळा येतो बाबा."

भाच्यानं माझ्याकडे बघितलं. मी त्याच्याकडे. 'स्क्रीम'मधला फोन! तोच संकेत, शंभर टक्के आयात केलेला. एकटी बाई, घर, रात्र, फोन. फक्त पलीकडे मुखवटेवाला खुनी नाही, पलीकडे फड आहे. ट्रॉली उलटली, साप चावला, पोर विहिरीत पडलं, यातलं काहीही त्या फोनवरून येऊ शकतं. २०२० मध्ये आष्टी तालुक्यात बिबट्यानं माणसं मारली तेव्हापासून तर त्या यादीत बिबट्याही आहे.

स्क्रिप्ट अर्ध्या तासात झाली. चौदा शॉट्स. कुलपं, दोऱ्या, अंगणात झोपलेलं कुत्रं, आत नात झोपलेली, मावशी भांडी आवरतायत, फोन येतो, त्या उचलतात. पलीकडे कोणी बोलत नाही, फक्त उसाची पानं वाजतात. कट. नाव.

आता तांत्रिक भाग (माझा आवडता, कंटाळा आला तर पुढे जा). मोबाईलच्या कॅमेऱ्याला अंधार आवडत नाही. तुम्ही रात्र दाखवली की तो लगेच उजळून दिवस करतो, कारण वाढदिवसाचे केक नीट दिसावेत म्हणून त्याला तसं शिकवलंय. म्हणजे भयपटाचा पहिला शत्रू ऑटो एक्स्पोजर. ते बंद करणारं ॲप घातलं, एक्स्पोजर कुलूपबंद केलं. दुसरा शत्रू नऊ वॅटचा स्वस्त एलईडी. आपली वीज पन्नास हर्ट्झची, त्यामुळे असा दिवा सेकंदाला शंभरदा मिचमिचतो. डोळ्याला दिसत नाही पण कॅमेऱ्याला पट्टे दिसतात. सेकंदाला २५ फ्रेम्स आणि शटर एक पन्नासांशवर ठेवलं की पट्टे जातात. भाचा म्हणाला, "मिचमिचू द्या की, हॉरर आहे." मी म्हटलं, भूत असेल तर मिचमिचेल, इथं भूत नाही. बाहेरचे शॉट्स सूर्य बुडाल्यावरच्या वीस मिनिटांत घेतले, आभाळ निळं असतं तेव्हा. पडद्यावर ती रात्रच वाटते. दोन संध्याकाळी मिळून चाळीस मिनिटं. आमचा रिलीजसुद्धा इतक्या घाईत कधी झाला नाही.

उसाच्या आवाजासाठी मात्र पहाटे साडेचारला उठून मांजरेच्या काठच्या एका फडात गेलो. (हो, ऊस आमच्याकडेही पिकतो. तोडणारे तिकडे जातात.) वाऱ्याचा आवाज माइकवर नुसता फडफडाट येतो, म्हणून माइकला लोकरीचा मोजा घातला. वाळलेलं पाचट एकमेकांवर घासतं तेव्हा कोणीतरी अगदी जवळ कुजबुजतंय असं वाटतं. हेडफोन लावून ऐकताना मी दोनदा मागे वळून पाहिलं. तीन हजार फ्रेम्सच्या त्या सिनेमात खरं घाबरवणारं काही असेल तर हा आवाज.

आणि मग तो प्रश्न आला.

मावशींना वाचता येत नाही. म्हणून त्यांच्या साध्या बटणांच्या फोनवर नातीनं मुलाच्या नंबराला वेगळी रिंग लावून दिलीय. ती वाजली की मुलगा. दुसरी वाजली की बाकी जग. भाच्याला हे कळलं आणि त्याचे डोळे चमकले. ती रिंग त्यानं गुपचूप रेकॉर्ड केली. बेत असा, की मावशींना 'आता फोन वाजणार नाही, नुसती रिहर्सल आहे' म्हणायचं आणि मागच्या खोलीतून अचानक ती रिंग वाजवायची. चेहरा खरा मिळेल.

"'एलियन'मध्ये तसंच केलंय मामा. छाती फाडून तो प्राणी निघतो तेव्हा बाकीच्या नटांना किती रक्त उडणार ते सांगितलं नव्हतं. म्हणून ते रिॲक्शन तसे आलेत."

हे खरं आहे. १९७९ चा 'एलियन', आणि त्या प्रसंगातली व्हेरॉनिका कार्टराइटची किंचाळी खरी आहे. पण त्या नटांना स्क्रिप्ट माहीत होती, मानधन मिळत होतं, आणि टेबलावरचा माणूस त्यांचा मुलगा नव्हता. मी सरळ सांगितलं, माझ्या मोबाईलवर हे शूट होणार नाही. तो चिडला. प्रोजेक्ट माझा आहे म्हणाला. मामा, तुम्ही कंपनीतल्यासारखं करायलात म्हणाला. एक तासभर आम्ही वस्तीच्या बाहेर रस्त्यावर उभं राहून कुजबुजत भांडलो. वस्ती इतकी शांत होती की कुजबुजावंच लागत होतं.

शेवटी ठरलं, की त्यांनाच विचारू. भाच्यानं विचारलं, त्यानंच. सगळं सांगितलं, रिंग रेकॉर्ड केल्याचंही.

मावशी जरा वेळ काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "ती रिंग नको लावू लेकरा. ती खोटी वाजली की मग खरी वाजल्यावर मला कळायचं कसं?"

भाच्यानं तिथल्या तिथं ती फाईल डिलीट केली. आणि मावशींना दाखवली, डिलीट झाली म्हणून. त्यांना ते बघून काय कळलं कोण जाणे, पण मान डोलावली. "तू नुसतं हाताने खूण कर. मी वाजला असं धरून चालते."

त्यांचा शॉट एकाच टेकमध्ये झाला. भाच्यानं हात वर केला. मावशी दचकल्या नाहीत. भांडं घासत होत्या, तो हात थांबला. मग त्यांनी आधी झोपलेल्या नातीकडे पाहिलं. हात पदराला पुसले, एकदा, आणि परत एकदा, कोरडे झाले होते तरी. मग फोनकडे गेल्या आणि उचलायच्या आधी एक क्षण नुसत्या उभ्या राहिल्या. स्क्रिप्टमध्ये यातलं काहीही नव्हतं. मी कॅमेरा धरून होतो, आणि मोबाईलमधलं स्टॅबिलायझेशन चांगलं असतं ही त्या कंपनीची कृपा.

एडिटिंगमध्ये रिंग टाकलीच नाही. फोन व्हायब्रेटवर ठेवून स्टीलच्या डब्याच्या झाकणावर ठेवला आणि तो आवाज रेकॉर्ड केला. झाकणावर तो थरथरत सरकतो, आणि कडेला येऊन पडेल की काय असं वाटत राहतं. संगीत काहीच नाही. टायटलवरून मात्र शेवटपर्यंत वाद झाला. भाच्याला रक्त ओघळणारा फाँट हवा होता. देवनागरीला शिरोरेखा असल्यामुळे रक्त वाळत घालायला आयती दोरी मिळते, हे मान्य. पण दिसत होतं ते शेवटी दिवाळी अंकाच्या जाहिरातीसारखं. पांढऱ्या साध्या अक्षरांवर तडजोड झाली. नाव ठेवलं 'खाडा'.

टिपण त्यानं स्वतः लिहिलं. पाळलेले संकेत: एकटी बाई, रात्र, फोन, ओसाड वस्ती. मोडलेले: किंकाळी, संगीत, रक्त. आणि शेवटी एक ओळ, 'या चित्रपटात भूत कोणाचंही होणार नाही.' सरांनी त्या ओळीखाली लाल पेनानं 'मग हा भयपट कसा?' असं विचारलं आणि मार्क बरे दिले. त्यावर भाचा अजून उत्तर शोधतोय. मी सुचवलेली दोन त्याला पटली नाहीत.

पुण्याला निघायच्या आदल्या दिवशी लॅपटॉप घेऊन वस्तीवर गेलो. मावशी, नात, शेजारच्या दोन म्हाताऱ्या आणि एक आजोबा, एवढा प्रीमियर. नात स्वतःला झोपलेली बघून खूप हसली. एका म्हातारीनं 'हे माझं कुलूप' म्हणून स्क्रीनला बोट लावलं. उसाचा आवाज आला तसे सगळे गप्प झाले, मग नाव आलं, आणि संपलं.

मावशी स्क्रीनकडे बघतच होत्या. "मग? फोन कुणाचा व्हता?"

"एवढाच आहे आज्जी," भाचा म्हणाला. "पुढचं लिहिलंच नाही अजून."

"मंग लिव्ह की." त्या उठल्या, गुडघ्यावर हात टेकून, चुलीकडे जाता जाता थांबल्या. "त्यानं पैशे संपले म्हून फोन केला असं लिव्ह. तसं बी करतो तो."